होडीचा वाटा आणि निकालाचा आठवडा

मुरूडच्या एसटी स्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझं ऑफिस आहे. एक खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि खाऱ्या हवेनं सतत गंजणारा पंखा. मी म्युच्युअल फंड विकते. आधी बरीच वर्षं पतसंस्थेत नोकरी केली, मग परीक्षा देऊन परवाना काढला. शेअर बाजाराचं काम म्हणजे मुंबईत, काचेच्या इमारतीत, असं लोकांना वाटतं. माझी निम्मी गिऱ्हाईकं मासळी विकून, रिकामी पाटी दाराशी ठेवून, पदराला हात पुसत आत येतात. झेरॉक्सवाल्यानं सुरुवातीला वासाबद्दल तक्रार केली होती. आता त्याचीही एसआयपी माझ्याकडे आहे.

या बायका माझ्याकडे कशा आल्या, हे सांगितलं पाहिजे. नोटा बंद झाल्या तेव्हा बाजारात सुट्या पैशांचे वांधे झाले. पुढे तराजूच्या शेजारी फोनवरून पैसे घ्यायचा चौकोनी कोड चिकटला. पापलेट घेणारा फोन काढायचा, आणि पैसे थेट कोळणीच्या बँकेत जायचे. घरातल्या डब्यातले पैसे सगळ्यांना दिसतात, बँकेतले दिसत नाहीत. बायकांना ते फार आवडलं. तिथून थोडे थोडे माझ्याकडे येऊ लागले. दिल्लीत कुणीतरी एक निर्णय घेतला, कुणीतरी फोनवर एक सोय आणली, आणि मुरूडच्या मासळी बाजारातली बाई शेअर बाजारात पोचली. मी त्याचं श्रेय घेत नाही, कमिशन घेते.

पुरुषांचं उलटं झालं. बायकांच्या फोनवर पैसे यायला लागले, पुरुषांच्या फोनवरून जायला लागले. आधी क्रिकेटच्या खेळात, मग ट्रेडिंगच्या अ‍ॅपमध्ये.

सरकारच्या एका शब्दावर भाव हलतो, हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको. खाडीपलीकडे दिघीला बंदर मोठं होणार, रस्ता रुंद होणार, अशी बातमी आली की आगरदांड्याच्या जेट्टीवर पांढऱ्या गाड्यांची रांग लागते. मंत्री बदलला की रांग गायब होते. जमीन तीच, खडक तेच, भाव दुप्पट किंवा निम्मा. माझा धाकटा दीर हे बघतच मोठा झाला. त्यामुळे निवडणुकीवर पैसा लावता येतो, हे त्याला नवीन वाटलं नाही. फक्त आता त्यासाठी सातबारा लागत नव्हता.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा घर दोघा भावांना मिळून दिलं आणि होडी धाकट्याला. माझा नवरा थळच्या खत कारखान्यात नोकरीला, त्याला होडीचा उपयोग नव्हता. दीर डोलकर. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, पिशवीसारखं लांब जाळं. पाण्याच्या ओढीबरोबर मासळी त्यात शिरते. डोलकर मासळीमागे धावत नाही, पाण्याची वाट बघतो. गेलेलं पाणी येणार, आलेलं जाणार. माझा दीर घड्याळ न बघता सांगतो, आत्ता पाणी कुठवर आलं असेल. ही वाट बघण्याची ताकद त्याच्या अंगात मुरलेली आहे, आणि चांगल्या डोलकराकडे ती असावीच लागते.

आमच्याकडे मासळीचे पैसे वाट्यांनी वाटले जातात. खलाशांचा वाटा, तांडेलाचा म्हणजे होडी हाकणाऱ्याचा, जाळ्याचा आणि होडीचा. होडीचा वाटा मालकाचा धरत नाहीत, तो होडीचा असतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा त्यातून फळ्या बदलायच्या, इंजिन खोलायचं, रंग काढायचा. घरात लग्न निघालं तरी या वाट्याला हात लावत नाहीत. सासऱ्यांनी आजारपणातही लावला नव्हता. या निवडणुकीच्या वर्षी होडीच्या तळाच्या फळ्या गेल्या होत्या आणि इंजिन धूर ओकत होतं. हे काम झालं नसतं तर होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरली नसती. होडी नाही म्हटल्यावर खलाशी दुसऱ्या मालकाला बांधले जातात आणि सगळा हंगाम हातचा जातो. दिराचं घर त्या एका होडीवर चालतं, जावेची मासळी त्याच होडीतून येते.

लोकसभेचा निकाल नेमका जूनच्या सुरुवातीला आला. कोण जिंकलं, कोण हरलं, त्यावर मी इथेही बोलणार नाही आणि ऑफिसातही बोलत नाही. माझ्याकडे सगळ्या पक्षांची गिऱ्हाईकं आहेत. पण वेळ बघा. मासेमारीची बंदी सुरू झालेली, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, हंगामाचे वाटे पडून पैसे हातात आलेले, आणि गावातले सगळे पुरुष फोन घेऊन ओट्यावर बसलेले. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात निकाल लागला असता तर माझा दीर समुद्रात असता. तिथे रेंज नसते.

त्यानं महिन्याचे पैसे भरून एक यंत्र लावून घेतलं होतं. म्हणजे फोनमधलंच. ते सगळ्या बातम्या वाचतं, त्याला सगळे जुने निकाल पाठ आहेत, आणि रोज सकाळी मराठीत बोलतं. गोड आवाजातली बाई, "नमस्कार दादा, आजची संधी ऐकूया." जाऊ म्हणायची, "माज्या तोंडानं कवा दादा म्हटलं असतं तर घर सोडून पळाला असता."

निकालाआधीच्या शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर अंदाज आले. सगळ्या वाहिन्यांचे जवळजवळ सारखे. रविवारी यंत्रानं दादाला संधी सांगितली, आणि सोमवारी बाजार उघडताच उसळला. दुपारी दीर कागदात गुंडाळलेली गरम भजी घेऊन माझ्या ऑफिसात आला.

"वयनी, तुज्या बायकांचे पैसे पण वाढले असतील आज."

"वाढले."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही."

"म्हणून तर तू स्टँडच्या मागं हायस." तो खूश होता. फोन माझ्यासमोर धरला. पडदा हिरवागार.

"घेतलंस काय?"

"कॉल."

कॉल म्हणजे शेअर नव्हे. बाजार अमुक दिवसापर्यंत अमुक पातळीच्या वर जाईल, यावर लावलेली पैज. त्या दिवसापर्यंत गेला तर पैसे कितीतरी पट, नाही गेला तर शून्य. मी मुदत विचारली.

"ह्याच गुरुवारची. लांबची महाग पडते."

"पैसे कुठले? होडीचा वाटा तर नाही?"

"नाय गो." त्यानं भजीचा कागद माझ्याकडे सरकवला. खोटं बोलताना तो समोरच्याला खायला देतो. शाळेत असल्यापासूनची सवय.

मी त्याला तेव्हा जे सांगितलं तेच आजही सगळ्यांना सांगते. सोमवारी बाजारानं निकाल आधीच लावून टाकला होता. दिघीचा रस्ता होणार हे गावातल्या कुत्र्यामांजरांना कळल्यावर जो जमीन घेतो, तो त्या रस्त्याचे पैसे आधीच मोजून बसलेला असतो. रस्ता झाला तर त्याला विशेष काही मिळत नाही, नाही झाला तर तो बुडतो. सरकार येण्याजाण्यानं बाजार जितका हलतो, त्याहून जास्त हलतो तो सगळ्यांनी धरलेली गोष्ट खोटी निघाल्यावर.

"यंत्रानं सगळं वाचलंय, वयनी."

"तुझ्या यंत्रानं आणि बाकीच्या यंत्रांनी एकच पेपर वाचलाय. सगळ्या होड्या एका खाडीत घातल्यात. वळायची वेळ आली तर कशा वळणार?"

"तू घाबरट हायस," तो प्रेमानं म्हणाला आणि उरलेली भजी घेऊन गेला.

मंगळवारी मतमोजणी सुरू झाली. अंदाज आणि आकडे यांत अंतर पडू लागलं, आणि बाजार कोसळला. सकाळी अकराच्या आत माझ्या दारात बायका जमल्या. समोरच्या चहावाल्याच्या टीव्हीवर लाल पट्ट्या धावत होत्या. पुढे वाचलं की त्या दिवशीची बरीचशी विक्री माणसांनी केलीच नव्हती. भाव एका ठरावीक रेषेखाली गेला की आपोआप विकायचं, असं लाखो फोनांना आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यांनी विकलं म्हणून भाव पडला, भाव पडला म्हणून पुढच्यांनी विकलं. माणसाला घाबरायला तरी थोडा वेळ लागतो.

पाटी डोक्यावरून न उतरवताच एक म्हातारी कोळीण म्हणाली, "बाय, माजे जेले का?"

"कुठे जातायत? तुला कधी लागणार आहेत?"

"नातीच्या लग्नाला."

"नात कितवीत?"

"चवथीत."

"मग जा, जवळा विक. पावसाआधी सगळे सुकं भरून ठेवतायत, आज भाव मिळेल."

बाकीच्या हसल्या. मी प्रत्येकीला हाच प्रश्न विचारला. बाजार कुठे जाईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. पण कोणाला पैसे कधी लागणार आहेत, ते मला नक्की ठाऊक होतं, कारण पैसे घेतानाच मी ते विचारते. एकीला मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. तिचे पैसे मी उन्हाळ्यातच शेअरच्या फंडातून काढून सुरक्षित फंडात ठेवले होते. निकालाचा वास आला म्हणून नव्हे. फी जुलैत भरायची होती म्हणून. तिला त्या दिवशी टीव्हीत काही रस नव्हता, ती फक्त मैत्रिणींबरोबर आली होती. दुपारपर्यंत एकीनंही पैसे काढले नाहीत. या दिवसाबद्दल मला कुणी विचारलं तर मी हे न लाजता सांगते.

दीर बारानंतर आला. हातात भजी नव्हती. अ‍ॅप उघडत नव्हतं, पडद्यावर चक्र गोल गोल फिरत होतं. देशभर त्या वेळी तसंच फिरत असावं. शेवटी उघडलं. सोमवारी जे होतं त्याचा थोडासा भाग उरला होता. सगळं गेलेलं नव्हतं.

"विक," मी म्हटलं. "जे मिळेल ते घे आणि ऊठ."

"वयनी, ही ओहोटी हाय."

"असेल."

"पाणी जेलं म्हणून कोन खुंट उपटतं का? सरकार बनंल, कोनतरी बनवंलच. पाणी येनार."

"येईल. पण तुझा खुंट गुरुवारी उपटणार आहे. आणि उपटणारा तू नाहीस."

"दोन दिवस हायत ना. चार भरत्या होतात दोन दिवसांत."

हे त्यानं मनापासून म्हटलं. तो घाबरलेला नव्हता, हीच अडचण होती. शहरातला माणूस त्या क्षणी घाबरून विकून मोकळा झाला असता आणि त्याचे थोडे पैसे वाचले असते. माझ्या दिराला गेलेल्या पाण्याची भीती वाटत नाही. आयुष्यभर त्याला त्याचंच बक्षीस मिळालेलं. त्यानं उलट माझ्यासमोरच खात्यातले उरलेले पैसेही घातले, कारण तोच कॉल आता मातीमोल झाला होता.

"दहाचा बोंबील रुपयाला मिळतोय, आन तू बोलतेस विकून टाक."

"रुपयाला मिळणारा बोंबील संध्याकाळी कसा वास मारतो, ते तुला मी सांगायला हवं का?"

त्यानं ऐकलं नाही. मी फोन हिसकावून घेतला नाही, कारण तो चाळिशीचा बाप्या आहे आणि खातं त्याचं होतं. एवढंच विचारलं, "होडीचाच वाटा ना?" या वेळी त्याच्याकडे खायला देण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी गोड आवाजाची बाई म्हणाली, "नमस्कार दादा, आज बाजारात मोठे चढउतार पाहायला मिळाले." चढ कुठला ते तिनं सांगितलं नाही.

बुधवारी बाजार थोडा वर आला, गुरुवारी आणखी थोडा. दीर ओट्यावर बसून आकडे बघत होता, जेवायलाही तिथेच. त्यानं घेतलेली पातळी अजून दूर होती. गुरुवारी दुपारी बाजार बंद झाला आणि त्याचे कॉल शून्य झाले. शुक्रवारी दिल्लीत सरकार कुणाचं बनणार ते पक्कं दिसू लागलं, आणि बाजार सोमवारच्याही वर गेला. त्यानं मंगळवारी भर पडझडीत सांगितलं होतं तसंच झालं, फक्त एक दिवस उशिरा.

शुक्रवारी तो ऑफिसात आला, म्हणाला, "बघ, आयली भरती."

"आली. तुझं जाळं कुठे आहे?"

तो खुर्चीत बसला.

मी त्याला मूर्ख म्हटलं नाही, तो मूर्ख नव्हता. टीव्हीवरच्या अर्ध्या पंडितांपेक्षा त्याचा अंदाज नीट निघाला होता. पण समुद्रात खुंट एकदा रोवला की वाट बघायला पैसे पडत नाहीत. बाजारात वाट बघायचा वेळही विकत घ्यावा लागतो, आणि त्यानं सगळ्यात स्वस्त, म्हणजे सगळ्यात कमी वेळ घेतला होता. माझ्या कोळणींचे पैसे त्याच मंगळवारी पडले होते आणि त्याच शुक्रवारी उठून उभे राहिले, कारण त्यांच्या पैशांना गुरुवार नव्हता.

मग तो मुद्द्यावर आला. "वयनी, तुज्याकडं एवढ्या बायकांचे पैसे हायत. होडीपुरते फिरवून दे. पुनवेनंतर परत करतो."

"ते पैसे माझ्याकडे नाहीत, फंडात आहेत. माझ्याकडे असते तरी दिले नसते."

"तुजे?"

"माझे देणार नाही. आधी घरी सांग. मी सांगणार नाही, तू सांग."

"ती मना जीता ठेवनार नाय."

"ठेवेल. होडी चालवायला माणूस लागतो."

त्यानं मान हलवली, पण सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत पावसाची पहिली जोरदार सर येऊन गेली. शेवटी सांगितलं ते सुतारानं. तो लाकडाची उचल मागायला घरी आला. दीर बाहेर गेलेला. जाऊ म्हणाली, होडीचा वाटा हाय ना बाजूला, ते येतील तेव्हा घेऊन जा. सुतार म्हणाला, वहिनी, मी त्यांना दोनदा विचारलं, ते नंतर बघू म्हणतात. जाऊ उठली, छत्री घेतली आणि चालत माझ्या ऑफिसात आली.

दार लावून घेतलं. उभ्या उभ्याच विचारलं, "तुना ठावं व्हतं?"

"होतं."

"मना का नाय सांगलंस, ताय? एका घरात ऱ्हातो आपन."

"तुझे फंडातले पैसे मी त्याला कधी सांगितले?"

तिनं हातातली छत्री कोपऱ्यात उभी केली. जाऊ चार वर्षं माझ्याकडे एसआयपी भरत होती. दिराला त्यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. माझा धंदा टिकला तो याच एका गोष्टीवर, कुणाचं कुणाला न सांगण्यावर. ती माझ्यावर रागावली होती आणि त्याच वेळी तिला हेही कळत होतं, की मी आज बोलले असते तर उद्या तिच्याबद्दलही बोलले असते.

ती बसली. पाणी प्यायली. मग व्यवहाराचं बोलली, मला ती त्यासाठी आवडते. "माजे किती हायत आज?"

मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. सुताराचं आणि इंजिनचं होऊन वर काही उरेल, एवढे होते. हे पैसे तिनं मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले. मुलगी अजून लहान होती, तशी घाई नव्हती. मी सांगितलं, बाजार वर आहे, काढायला दिवस वाईट नाही, निम्म्याहून जास्त काढू नकोस, बाकीचं त्याला उभं करू दे. पण काढण्याआधी ठरव, हे देतेयस ते काय म्हणून. मदत म्हणून दिलेस तर पुढच्या वर्षी पुन्हा द्यावे लागतील.

"मदत कशाला?" ती म्हणाली. "होडीत घालतेय, तर होडी घेतेय मी."

आमच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांवर बायकांची नावं रंगवलेली असतात, आईची, बायकोची, मुलीची. कागदावर मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषाचं नाव. जावेनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी दाखवलं.

संध्याकाळी दिराला बोलावून घेतलं. तो भिजून आला होता, बायकोला बघून दारातच थबकला.

"या, दादा," जाऊ म्हणाली. "नमस्कार. आजची संधी ऐका."

मी हसू दाबलं. त्यानं काही लपवायचा प्रयत्न केला नाही. सगळं सांगितलं, मंगळवारी पुन्हा घातले तेही. ती ऐकत राहिली. मग तिनं आपल्या अटी सांगितल्या. होडीच्या नोंदणीवर दोघांची नावं. होडीचा वाटा यापुढे तिच्या खात्यात. आणि तो वाटा पडल्याबरोबर, त्याच दिवशी.

"हे पैसे आले कुठून तुज्याकडं?" त्यानं विचारलं.

"बोंबील विकून. तूच आनलेले."

"आन मी काय? खलाशी?"

"तांडेल. तांडेलाचा वाटा तुजा. त्याचं पायजे ते कर. मशीनीला दे, नायतर भजी खा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. मी इथे फक्त फॉर्म भरायला आहे." त्यानं टेबलावर बोटं वाजवली. मग विचारलं, सुताराला कधी बोलावू. मी ते होकार म्हणून धरलं आणि जावेचा पैसे काढायचा अर्ज फोनवरच पूर्ण केला. तिनं आलेला नंबर वाचून दाखवला, मी टाकला. दीर बघत होता. एवढ्यात होतं? त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझंही एवढ्यातच झालं होतं.

पैसे दोनतीन दिवसांत खात्यात आले. नोंदणीला मात्र वेळ लागला, सरकारी कामाला लागतो तेवढाच. मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात मी जावेबरोबर गेले. टेबलावरच्या बाबूनं कागद उलटेसुलटे केले आणि म्हणाला, "बाईंचं नाव? तुम्ही होडीवर जाता का?"

"होडी मासळी आनते. पैसे मी आनते," जाऊ म्हणाली. "तुम्ही शिक्का मारा."

त्यानं आणखी दोन कागद मागितले. पुढच्या खेपेला शिक्का मिळाला.

आगरदांड्याच्या किनाऱ्यावर आषाढभर होडी आडवी होती. दीर सुताराच्या हाताखाली राबला, म्हणजे एका माणसाची मजुरी वाचली आणि त्याच्या हिश्शातलं बरंचसं असं भरून निघालं. फोन खिशात असायचा, पण त्या गोड आवाजाच्या बाईचे महिन्याचे पैसे त्यानं भरले नाहीत, म्हणून ती बोलायची थांबली. अ‍ॅप त्यानं काढून टाकलं की नाही, ते मी विचारलेलं नाही. तांडेलाचा वाटा त्याचा आहे. मधल्या काळात अर्थसंकल्प आला, बाजार पुन्हा एकदा खाली जाऊन वर आला. कोळणी पुन्हा दारात जमल्या, पण या वेळी निम्म्याच. बाकीच्यांनी फोनवरच विचारून घेतलं.

पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात खलाशी उचल मागायला आले. हंगामाच्या सुरुवातीला मालकानं खलाशांना आगाऊ पैसे द्यायचे, अशी रीत आहे. मी त्या दिवशी घरीच होते. तिघं जण ओट्यावर बसले, पानं खाल्ली, पावसाचं बोलले, मग त्यातल्या थोरल्यानं दिराकडे बघून विषय काढला. दिरानं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"तिकडं बोला. मालकीन तिकडं हाय."

खलाशांना वाटलं, तो गंमत करतोय. ते हसले. तोवर जाऊ हात पुसत बाहेर आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"देते उचल," ती म्हणाली. "पन आधी सांगा, मागल्या हंगामात शिमग्याला जातो म्हनून जो गेला आन उधाणाचे मासळीचे दिवस सरल्यावर आला, तो तुमच्यातला कोन?"

दोघांनी तिसऱ्याकडे बघितलं. तिसऱ्यानं पान थुंकायच्या निमित्तानं ओट्याखाली वाकून घेतलं. दिरानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. आणि मग त्या चौघांमध्ये जी घासाघीस सुरू झाली ती जेवणापर्यंत चालली. शेवटी जावेनं सगळ्यांना उचल दिली, तिसऱ्याला थोडी कमी, आणि तिघांनाही जेवूनच जा म्हटलं. पौर्णिमेला होडी पाण्यात उतरली तेव्हा ते तिघेही तिच्यावर होते.